लंडनचा पंजा, शिवकाशीचा मायावी

ऑक्टोबर १९६२मध्ये लंडनच्या फ्लीटवे कंपनीने मुलांसाठी, खरं तर मुलग्यांसाठीच, ‘व्हॅलियंट’ हे चित्रकथांचं साप्ताहिक काढलं. स्वस्त कागद, बहुतेक पानं काळीपांढरी; वाचायचं आणि रद्दीत टाकायचं. पहिल्याच अंकात ‘द स्टील क्लॉ’ सुरू झालं. लुई क्रँडेल हा प्रयोगशाळेतला मदतनीस. अपघातात उजवा हात गेलेला, त्या जागी पोलादी पंजा. विजेचा जबर धक्का बसला की हा माणूस दिसेनासा होतो, पंजा तेवढा दिसत राहतो. बरं, गडी सुरुवातीला सज्जनही नाही. शक्ती हाती येताच तो गुन्हेगारीकडे वळतो. गुप्तहेर वगैरे फार नंतर.

लेखन आधी केन बुल्मर यांचं, मग टॉम टली यांचं. पण हवेत तरंगणारा तो हात खरा वाटला तो हेसूस ब्लास्को यांच्या काळ्या शाईमुळे. ब्लास्को बार्सिलोनाचे. त्या काळी बरेच स्पॅनिश चित्रकार एजंटांमार्फत ब्रिटिश साप्ताहिकांची कामं करत. अंकात त्यांचं नाव मात्र छापलं जात नसे. पुढे ही मालिका ‘थार्पा दे आथेरो’ म्हणून स्पेनमध्ये निघाली. घरच्याच चित्रकाराचं काम इंग्लंडहून आयात! तेही लहान आकारात, चौकटी कापून-जोडून. साप्ताहिकात दर वेळी दोन-तीन पानं आणि शेवटी नायक संकटात. ते सगळं सलग बांधलं की पान उलटावं तिथे जिवावरचा प्रसंग. मला विचाराल तर ही घाईच या पुस्तकांची गंमत आहे.

फटाक्यांच्या आणि छापखान्यांच्या शिवकाशीत एम. सौंदरपांडियन यांनी १९७२मध्ये ‘मुत्तू कॉमिक्स’ सुरू केलं. पहिलं पुस्तक याच पोलादी पंजाचं, तमिळमध्ये ‘इरुंबुक्कै मायावी’. मराठी मुलांचा वेताळ ‘इंद्रजाल’मधून आला, तो अमेरिकन, तमिळ मुलांनी मात्र या ब्रिटिश मायावीला डोक्यावर घेतलं. १९८४मध्ये सौंदरपांडियन यांचे चिरंजीव एस. विजयन यांनी ‘लायन कॉमिक्स’ काढलं आणि फ्लीटवेचाच ‘स्पायडर’ तमिळमध्ये गाजवला. या स्पायडरच्या कित्येक कथा सुपरमॅनच्या जनकांपैकी एक, जेरी सीगल, यांच्या.

एव्हाना ‘व्हॅलियंट’ संपलं होतं. १९७६मध्येच ते ‘बॅटल’मध्ये विलीन झालं. २०१८मध्ये रिबेलियन कंपनीने फ्लीटवेच्या जुन्या मालिकांचे हक्क विकत घेतले आणि क्रँडेल इंग्लंडात पुन्हा पुस्तकरूपाने आला, या वेळी ब्लास्कोंच्या नावासकट.