चॉपर घ्यावा, की सुरीला धार लावावी?



मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा निरोप आला. त्या रोज सकाळी पंधरा डबे करतात. त्यांनी विचारलं, "कांदा चिरता चिरता मनगट भरून येतं. प्रदर्शनात दोरीचा चॉपर बघितला. चार हिसके दिले की कांदा बारीक. घेऊ का?" प्रश्न दोन-अडीचशे रुपयांचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. मनगट गेलं तर डबे बंद. म्हणून आज याच विषयावर बोलू या.

प्रदर्शनातला विक्रेता आपल्याला काय दाखवतो? चॉपर नवा, पाती नवी, कांदे आधीच सोलून चार फोडी करून ठेवलेले. त्या फोडी केल्या कशाने? सुरीनेच! म्हणजे चॉपर आणला तरी सुरी सुटत नाही. आणखी एक गोष्ट तो दाखवत नाही, ती म्हणजे चॉपर धुणं. भांडं, झाकण, पाती असे तीन तुकडे सुटे करायचे, पात्याच्या बुडाशी अडकलेला कांदा काढायचा, झाकणातल्या दोरीत पाणी जाऊ द्यायचं नाही. मोरीत इतर भांड्यांत ते पातं पडलं, तर भांडी घासणाऱ्या बाईचं बोट कापतं.

मी एकदा घड्याळ लावून बघितलं. दोन कांदे चिरायचे होते. नुसत्या चिरण्यात चॉपर पुढे गेला, पण सोलणं, फोडी करणं, धुणं, पुसून ठेवणं हे सगळं धरलं तेव्हा सुरी पुढे गेली. दोन किलो कांदे असते तर चॉपर जिंकला असता, कारण धुणं शेवटी एकदाच. म्हणून पहिला हिशोब असा: रोजची भाजी चौघांपुरती असेल, तर चॉपरने वेळ वाचत नाही. पंगतीचा स्वयंपाक असेल, तर वाचतो.

आता चवीकडे बघू. धारदार सुरी कांदा कापते. चॉपरचं पातं तो फटके मारून तोडतं. त्यामुळे कांद्याला पाणी सुटतं. तळाचा कांदा लगदा होतो आणि वरच्या फोडी मोठ्याच राहतात. असा कांदा तेलात टाकला की आधी पाणी आटतं, मग बारीक कण करपतात आणि मोठे कच्चे राहतात. पोह्यांत, कोशिंबिरीत हे लगेच कळतं. पावभाजीत, खिम्यात किंवा वाटणात मात्र काही बिघडत नाही, कारण तिथे सगळं एकजीवच व्हायचं असतं. कोथिंबीर चॉपरमध्ये ओली होऊन लवकर काळी पडते. भेंडी चिकटते. भज्यांचा उभा कांदा, भरल्या वांग्याची चीर, कोबीचा लांब पातळ चिराव, यातलं काहीच चॉपरला जमत नाही.

दाबून चौकोनी तुकडे पाडणारी जाळी असते, तिचंही तसंच. काकडी, उकडलेला बटाटा छान होतो. पिकलेला टोमॅटो चेंगरतो. कडक गाजरावर मात्र दोन्ही हातांनी जोर द्यावा लागतो, म्हणजे मनगटाचा भार होता तिथेच राहिला.

मग मनगट दुखतं कशाने? त्याचं एक कारण बोथट सुरी हे असू शकतं. धार गेली की आपण जोर लावतो. जोर लावला की मूठ आवळतो, आणि सुरी घसरली तर बोटावर खोल येते. डोळ्यांतलं पाणीसुद्धा धारेवर अवलंबून असतं. कांद्याच्या पेशी फुटल्या की झोंबणारा वायू तयार होतो. बोथट पात्याखाली पेशी जास्त चिरडतात, म्हणून डोळे जास्त चुरचुरतात.

धार लावणं अवघड नाही. दारावर धारवाला येत असेल तर उत्तमच. नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कड असते. कपाखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. सुरी कडेवर आडवी ठेवून तिची पाठ किंचित उचला, खाली पेन्सिल जेमतेम जाईल इतकीच. मुठीपासून टोकापर्यंत हलकेच ओढा. एका बाजूने आठ-दहा वेळा, मग दुसऱ्या बाजूने तितक्याच वेळा. सुरी धुऊन पुसा आणि टोमॅटोवर ठेवून ओढा. न दाबता साल कापली गेली, की धार आली. दात्यांच्या सुरीला मात्र ही युक्ती चालत नाही.

धार टिकवायची असेल तर स्टीलच्या ताटात किंवा ओट्याच्या दगडावर चिरू नका. लाकडी पाट घ्या. कांदा चिरताना देठाकडून कापून दोन भाग करा, पण मुळाकडचा भाग तसाच ठेवा. तो पाकळ्या धरून ठेवतो. आधी उभ्या चिरा, मग आडव्या. भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली असू द्या.

ज्यांना खाली बसता येतं, त्यांनी विळी माळ्यावर टाकू नये. विळीचा पाट पायाखाली दाबलेला असतो, म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात आणि मूठ आवळावी लागत नाही. कोबी, पालेभाजी, लाल भोपळा तिच्यावर सुरेख होतो. काम झालं की लोखंडी पातं कोरडं पुसा आणि विळी आडवी करून ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर ती उंचावरच हवी.

मग चॉपर कोणी घ्यावा? ज्यांची बोटं संधिवाताने वळत नाहीत, ज्यांना दिसायला कमी आहे, ज्यांचा एक हात अधू आहे, त्यांनी आपल्याला झेपेल असं साधन जरूर घ्यावं. पण दोरी ओढायलाही खांदा लागतो, तेव्हा अशांना बटणावर चालणारा छोटा चॉपर बरा. हात दुखत असताना साधन वापरलं म्हणून कोणी सुगरणपण कमी होत नाही. सासूबाईंनीही हे ऐकावं!

वेफर्सच्या दिवसांत स्लायसर उपयोगी पडतोच, पण भाजी धरायची टोपी लावूनच वापरा. बटाट्याचा शेवटचा तुकडा सोडून द्या. त्या तुकड्याच्या हट्टापायी माझ्या अंगठ्याचं टोक गेलं होतं, आणि पंधरा दिवस कणीक मळता आली नव्हती.

आता आपल्या डबेवाल्या ताईंसाठी. ताई, आधी सुरीला धार लावा आणि आठवडाभर बघा. रश्श्याच्या वाटणाचा कांदा बारीक चिरूच नका. मोठ्या फोडी परतून मिक्सरला लावा, निम्मं काम तिथेच कमी होईल. तरीही चॉपर हवासा वाटला, तर शेजारणीचा दोन दिवस मागून आणा आणि धुणंही स्वतःच करा. मग ठरवा. आणि रात्री बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर तो सुरीचाही प्रश्न नाही आणि चॉपरचाही. डॉक्टरांना हात दाखवा, अंगावर काढू नका.

बाकीच्या मैत्रिणींनो, आज स्वयंपाकाला लागण्याआधी सुरी टोमॅटोवर ओढून बघा. साल दबली, पण कापली गेली नाही, तर दुकानात जाण्याआधी कप पालथा घाला.