झिंगाट उदयपूरला गेलं तेव्हा

शिरूर तालुक्यात लग्नाची वरात ‘झिंगाट’शिवाय पुढे सरकत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. माझं कुतूहल वेगळं होतं. जुलै २०१८ मध्ये ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला आणि ‘सैराट’मधलं हेच गाणं हिंदीत ऐकून रांजणगावापासून घोडनदीपर्यंत ज्याने त्याने नाक मुरडलं. चाल तीच, संगीतकार तेच, अजय-अतुल. तरीही लोकांना आपल्या घरातलं काही चोरीला गेल्यासारखं वाटलं. ‘मातीतलं गाणं बॉलिवूडने बाटवलं’ हा निकाल तेव्हा चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्री परीक्षणांपर्यंत सगळीकडे लागला होता. मला तो कधीच पटला नाही.

मुळात ही माती कसली, ते पाहू. अजय-अतुलचे वडील अशोक गोगावले महसूल खात्यात होते. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव, मंचर, शिरूर असं गावोगाव झालं. घरात गाण्याची परंपरा नाही, वाद्य विकत घ्यायची ऐपत नाही. ज्याच्याकडे वाद्य, त्याच्याशी दोस्ती करायची. पण कान उघडे होते, आणि या पट्ट्यात कानावर काय पडत होतं? जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी तिथे ठरवतात. जत्रेत गण-गवळण उरकली की रंगबाजी सुरू होते आणि तिच्यात हिंदी सिनेमाची गाणी हमखास येतात. शिट्ट्या त्यांनाच जास्त. बँडवाल्यांचंही तेच. सकाळी देवाची गाणी, रात्री राहुल देव बर्मन. म्हणजे हिंदी गाणं इथे बाहेरून घुसलेलं नाही, ते आधीपासून जत्रेतच मुक्कामाला आहे. हा पट्टा गणपतींचाही: अष्टविनायकांतले दोन गणपती, ओझरचा आणि लेण्याद्रीचा, जुन्नर तालुक्यात आणि एक आपला रांजणगावचा. या भावांचा पहिला गाजलेला अल्बम ‘विश्वविनायक’ गणपतीचाच. तो गायला मात्र एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांनी, थाटही भव्य वाद्यमेळाचा. गावरान आणि शाही असे दोन कप्पे या माणसांच्या डोक्यात पहिल्यापासूनच नव्हते.

‘सैराट’ तर याचा पुरावाच आहे. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या या चित्रपटाचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. ही वास्तू मूळची एमजीएम स्टुडिओची. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत तिथे मुद्रित झालेलं. म्हणजे करमाळ्याच्या शेतातून धावणाऱ्या नायकामागे, परश्यामागे, जी व्हायोलिन्स उसळतात, ती अमेरिकन वादकांची. ‘याड लागलं’ ऐकताना ज्याला उसाचा वास आला, त्याने हे ध्यानात घ्यावं. ‘धडक’चं संगीत फार गुळगुळीत आहे, ही तक्रार म्हणूनच मला पोकळ वाटते. गुळगुळीतपणात ‘सैराट’ही कमी नव्हता.

शिवाय अजय-अतुलचं गाणं मराठीतून हिंदीत जाण्याचा हा पहिला प्रसंगही नव्हता. ‘जत्रा’ या चित्रपटातलं (२००६) आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचं ‘कोंबडी पळाली’ २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये श्रेया घोषालच्या आवाजात ‘चिकनी चमेली’ झालं. तेव्हा कोणी गळा काढला नाही. उलट आपल्या गाण्यावर कतरिना कैफ नाचते म्हणून छाती फुगली. कारण ते गाणं कथेत घट्ट रुतलेलं नव्हतं. उपटलं, दुसरीकडे लावलं, जगलं.

‘झिंगाट’चं तसं नाही. वेगवेगळ्या जातींतले आर्ची, म्हणजे ‘सैराट’ची नायिका, आणि परश्या एकाच गर्दीत, एकाच तालावर नाचू शकतात अशी ती जवळपास एकमेव जागा. जातीची सगळी उतरंड त्या चार मिनिटांत मोडल्यासारखी वाटते आणि पुढे तीच उतरंड दोघांचा जीव घेते. गाण्याचा आनंद त्या शेवटाची उसनवारी आहे. शिवाय ‘सैराट’ या नागराज मंजुळेंच्या चित्रपटात पार्श्वसंगीतही अजय-अतुलचंच, त्यामुळे गाण्यातले सूर प्रसंगांखाली पुन्हा पुन्हा पाझरतात. शेवटच्या दृश्यात संगीत काढून घेतलं, तेव्हा ते हिसकावल्यासारखं जाणवलं. शशांक खेतान यांच्या ‘धडक’मध्ये गाणी अजय-अतुलची, पार्श्वसंगीत जॉन स्टुअर्ट एडुरी यांचं. करमाळा-हैदराबादच्या जागी उदयपूर-कोलकाता आलं. जात कुजबुजीपुरती उरली. मग मोडायला उतरंडच नसेल, तर ‘झिंगाट’ने करायचं काय? ते पार्टीतलं गाणं झालं. यात दोष चालीचा नाही, अमिताभ भट्टाचार्यांच्या शब्दांचाही फारसा नाही, पटकथेचा आहे.

या भांडणात खरा अन्याय झाला तो दोन नव्या गाण्यांवर. ‘धडक’मध्ये एकूण चार गाणी. त्यांतली दोन, ‘झिंगाट’ आणि ‘याड लागलं’वरून बेतलेलं ‘पहली बार’, जुनी. शीर्षकगीत आणि ‘वारा रे’ ही कोरी. शीर्षकगीतात अजय आणि श्रेया घोषाल आहेत, आणि माझ्या मते अजयने हिंदीत गायलेल्या उत्तम गाण्यांपैकी ते एक. चाल संथ, वर चढताना घाई नाही, आणि सतत उसळणारा हा गळा इथे स्वतःला आवरून धरतो. ‘सैराट’च्या चार गाण्यांत असं आवरणं कुठेच नाही, त्या पोरांना ते शोभलंही नसतं. उत्तरेकडच्या श्रोत्यांनी, ज्यांनी ‘सैराट’ पाहिलाच नव्हता, हे गाणं सरळ मनाने उचललं. आमच्याकडे मात्र ‘धडक’ म्हटलं की अजून ‘झिंगाट’चाच हिशेब निघतो.