टॅरोच्या पत्त्यांतील टांगलेला मनुष्य

हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या राजालाहि मारते, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाहि शिकवावी लागत नाहीं. टॅरो या नांवाच्या ज्या पत्त्यांवरून हल्लीं भविष्य सांगतात, त्यांचा जन्म नेमका या हुकमांतून झाला आहे. त्यांचें मूळ पाहावयाचें तर इजिप्तच्या देवळांत न जातां पंधराव्या शतकांतील उत्तर इटलीच्या सरदारांच्या दिवाणखान्यांत गेलें पाहिजे.

युरोपांत पत्ते आले ते इजिप्त-सीरियाच्या मामलूक राज्यांतून. १३७७ सालीं फ्लॉरेन्स शहरानें त्यांच्या खेळास बंदी केल्याची नोंद आहे. पेले, नाणीं, तलवारी आणि दंड असे त्यांचे चार रंग होते. पुढें इटालियन लोकांनीं या रंगांच्या ५६ पत्त्यांस २१ चित्रांचे पत्ते व एक विदूषक जोडला, आणि ७८ पत्त्यांचा जोड तयार झाला. चित्रांचे पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. त्यांस 'ट्रिओन्फी', म्हणजे विजय, असें म्हणत. सम्राट, पोप, प्रेम, दैवचक्र, मृत्यु, सैतान, चंद्र, सूर्य, अखेरचा निवाडा अशी ती चढती मालिका असे, आणि मोठ्यानें लहानास जिंकावें एवढाच खेळांतील तिचा उपयोग. या पत्त्यांचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४४० च्या सप्टेंबरांतला आहे. ज्युस्तो ज्युस्ती नांवाच्या एका नोटरीनें सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदारासाठीं असा जोड फ्लॉरेन्समध्यें विकत घेतल्याचें आपल्या रोजनिशींत लिहिलें आहे.

टॅरोची सारी कथा मालिकेंतील बाराव्या पत्त्यांत सांपडते. एक तरुण एका पायानें उलटा टांगलेला आहे. दुसरा पाय गुडघ्यांत वांकलेला, हात पाठीमागें. आज त्याचा अर्थ आत्मसमर्पण, जगाकडे नव्या दृष्टीनें पाहणें, असा कांहींसा सांगतात. त्या काळच्या इटालियन माणसाला मात्र अर्थ विचारावाच लागला नसता. जुन्या याद्यांत या पत्त्याचें नांवच 'द्रोही' असें येतें. फितुरी करून पळालेला मनुष्य हातीं लागला नाहीं, तर पायानें टांगलेलें त्याचें चित्र सरकारी वाड्याच्या भिंतीवर काढून त्याची बेअब्रू करण्याची तेथें चाल होती. त्याच १४४० सालीं फ्लॉरेन्समध्यें आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकारानें बंडखोरांचीं अशीं चित्रें रंगविलीं, आणि लोक त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' म्हणूं लागले.

मिलानच्या फ्रांचेस्को स्फोर्झाच्या दरबारासाठीं १४५० नंतरच्या कांहीं वर्षांत रंगविलेल्या सोनेरी वर्खाच्या जोडांतले ७४ पत्ते आज न्यूयॉर्क व बेर्गामो येथील संग्रहांत विभागलेले आहेत. त्यांत हा टांगलेला मनुष्यहि आहे. गंमत अशी कीं, खुद्द फ्रांचेस्कोच्या बापानें पक्ष बदलला, तेव्हां त्या वेळच्या एका प्रतिस्पर्धी पोपनें त्याचें असेंच उलटें चित्र रोममध्यें लावविलें होतें. डाव खेळतांना तो पत्ता हातीं आला म्हणजे त्या घरांत कोण काय बोलत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तीनशें वर्षांत लोक हें सारें विसरले. पॅरिसमध्यें तर हा खेळहि मागें पडला होता. तेथील कूर द जेबलँ या विद्वानानें परदेशाहून आलेल्या एका बाईकडे हे पत्ते पाहिले आणि १७८१ मध्यें आपल्या प्रचंड ग्रंथाच्या आठव्या खंडांत जाहीर केलें कीं, हें प्राचीन इजिप्शियन पुरोहितांचें ज्ञानपुस्तक होय! न्याय, धैर्य आणि संयम या तीन सद्गुणांचे पत्ते त्याला मिळाले, पण चौथा सद्गुण जो विवेक, तो कांहीं सांपडेना. तेव्हां त्यानें टांगलेल्या मनुष्याचा पत्ता फिरवून धरला. पत्ते छापणाऱ्या अडाण्यानें चित्र उलटें छापलें. हा मनुष्य टांगलेला नसून, एक पाय टेकून दुसरा कोठें ठेवावा याचा विचार करीत उभा असलेला विवेकच आहे, असा त्याचा निवाडा. त्या वेळीं इजिप्तची चित्रलिपि युरोपांत कोणालाहि वाचतां येत नव्हती. शांपोलियाँनें ती १८२२ त उलगडली, पण तिच्यांत टॅरोचा मागमूसहि निघाला नाहीं.

तोंपर्यंत धंदा सुरू झाला होता. आलिएत नांवाच्या पॅरिसकरानें आडनांवाचीं अक्षरें उलट्या क्रमानें लावून एत्तेला असें नांव घेतलें, आणि १७८३ त टॅरोवरून भविष्य सांगण्याचें पुस्तक काढण्यास सुरुवात केली. पुढें १९०९ मध्यें लंडन येथें आर्थर वेट याच्या सूचनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनें नवा जोड रंगविला. साध्या आंकडी पत्त्यांवरहि तिनें प्रसंगचित्रें काढलीं, त्यामुळें भविष्य सांगणाऱ्यांची मोठीच सोय झाली. तिला मात्र या कामाचे पैसे फारच थोडे मिळाले, असें तिनेंच एका पत्रांत लिहिलें आहे. तिच्या पत्त्यांत त्या जुन्या द्रोह्याच्या मस्तकाभोंवतीं संतासारखें तेजोवलय आलें आहे.

इकडे खेळ थांबलेला नाहीं. फ्रान्समध्यें आजहि ७८ पत्त्यांनीं टॅरो खेळतात. त्यांतील हुकमांवर लोकांच्या नित्याच्या करमणुकीचीं चित्रें असतात. टांगलेला मनुष्य तेथें नाहीं. बारा आंकड्याचा हुकूम आहे, आणि तो अकराला मारतो.