वर्ष वाया जाते का?

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की घराघरांतून एकच वाद ऐकू येतो : मुलाने वा मुलीने कोणत्या शाखेस जावे? या वादाला एवढी धार येते, याचे कारण उघड आहे. एकदा धरलेली शाखा सोडली म्हणजे ‘वर्ष वाया गेले’, ही भीती आपल्या समाजात खोलवर मुरलेली आहे. ती निराधार होती असेही नाही. आजच्या नियमांनी ती किती उणावली आणि किती शिल्लक आहे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ती वाटणी होती. या व्यवस्थेत अभ्यासाचे माप म्हणजे अख्खे वर्ष. रसायनशास्त्र घेऊन विज्ञान शाखेत एक-दोन वर्षे काढलेला विद्यार्थी वाणिज्याकडे वळू लागला, तर त्याला बहुधा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे. त्याने मिळविलेली विद्या नाहीशी झालेली नसे. परंतु ती सुटी करून मोजण्याचे साधन व्यवस्थेजवळ नव्हते. पोते घ्यावयाचे तर अख्खे घ्या, शेर-दोन शेर मिळणार नाही, असाच तो व्यवहार होता.

अमेरिकेत वेगळे माप रूढ झाले. चार्ल्स इलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि विद्यार्थ्यांनी आपले विषय आपण निवडावेत, ही पद्धत त्यांनी पुढे नेली. निवड आली की प्रत्येक विषयाचे वजन ठरविणे ओघानेच येते. त्यातून पुढे श्रेयांक, म्हणजे ज्याला आपण क्रेडिट म्हणतो, ते माप तेथे रूढ झाले. आपल्याकडे आज एका सत्रात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक धरतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हेच माप पायाशी घेतले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक ठरविले. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्यांच्या जोडीला चार श्रेयांकांचा व्यवसायविषयक अभ्यास पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, आणि तीन वर्षांच्या आत परतही येता येते. २०२१ च्या नियमावलीने श्रेयांकांची एक पेढीच उघडली. विद्यार्थ्याच्या नावे तेथे खाते असते आणि त्यातील जमा अधिकात अधिक सात वर्षे टिकते.

आता मूळ प्रश्न. बदल दोन प्रकारचा असतो आणि दोहोंचे नियम निराळे आहेत.

पहिला प्रकार, त्याच व्यापक विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याचा. भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलीला रसायनशास्त्राची ओढ लागली, तर आराखड्याप्रमाणे तिला पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय बदलून मागता येतो. त्यासाठी मंजूर जागांच्या वर १० टक्के जादा जागा निर्माण करण्याची मुभा संस्थांना आहे. त्या जागा मिळतात त्या पहिल्या वर्षात एकही विषय मागे न राहिलेल्यांना, आणि तेही गुणांच्या क्रमाने. येथेच मेख आहे. नावडत्या विषयामुळे ज्याला ए.टी.के.टी. लागली, त्यालाच बदलाची सर्वांत अधिक गरज असते, आणि नेमके त्याच्यापुढेच हे दार बंद होते.

दुसरा प्रकार, शाखाच बदलण्याचा. तीच मुलगी वाणिज्याकडे गेली, तर भाषा, पर्यावरण यांसारख्या सर्वसामान्य विषयांचे श्रेयांक सहसा तिच्याबरोबर येऊ शकतात. परंतु प्रयोगशाळेतील तासांनी हिशेबशास्त्राची जागा भरत नाही. पेढीतील श्रेयांक आपले असतात हे खरे. पण नव्या पदवीत त्यांपैकी कोणते धरावयाचे, हे नवी संस्था ठरविते. म्हणून ‘श्रेयांक आहेत’ आणि ‘श्रेयांक चालतील’ या दोन गोष्टी एक समजू नयेत.

वैद्यक, वास्तुकला, कायदा यांसारख्या अभ्यासक्रमांवर त्यांच्या स्वतंत्र परिषदांचे नियम चालतात. तेथे ही मोकळीक आहे असे गृहीत धरून कोणी चालू नये. अभियांत्रिकीत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून देण्याची प्रथा जुनी आहे; पण काही भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी ती अलीकडे बंद केली. शाखा बदलून मिळावी म्हणून पहिले वर्ष ही दुसरी प्रवेशपरीक्षाच होऊन बसते आणि मुलांवर असह्य ताण येतो, असे त्याचे कारण दिले गेले. थोड्या जागा आणि पुष्कळ इच्छुक असे गणित असले, म्हणजे सवलतीचीही शर्यत होते.

याहून अवघड प्रश्न पैशाचा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत असे कलम राहिले आहे की, पूर्वपरवानगीवाचून अभ्यासक्रम बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. सुखवस्तू घरच्या मुलाला बदल म्हणजे सहा महिन्यांची धावपळ. घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाला मात्र त्यात शिक्षणच सुटण्याचा धोका असतो. एकाच नियमाचे ओझे दोघांच्या खांद्यांवर सारखे पडत नाही.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी पहिले वर्ष संपण्यापूर्वीच लेखी विचारून घ्याव्यात : नव्या विषयात जागा आहे काय आणि अर्जाची मुदत कोणती; जमा श्रेयांकांपैकी नेमके किती धरले जातील; आणि शिष्यवृत्ती व वसतिगृह यांचे काय होईल. तोंडी आश्वासनावर अर्ज करू नये. मुलानेही मन कितीही उडाले तरी चालू विषय सोडून देऊ नयेत. कारण बाहेर पडण्याची वाट त्या परीक्षांतूनच जाते.

वर्ष वाया जाते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, पूर्वी ते हिशेबात सबंधच जाई. आता त्यातील काही भाग वाचविता येतो. तो भाग किती, हे नियमपुस्तकाइतकेच महाविद्यालयाच्या कचेरीत वेळेवर विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून आहे. सतराव्या वर्षी केलेली निवड चुकली म्हणून कोणी अपराधी ठरत नाही. ती कळल्यावरही लोकलज्जेपायी तीन वर्षे रेटून नेणे, हीच वर्षांची खरी नासाडी होय.