सुप्याचे दंगे आणि सावकारीचा गुन्हा
(लेखमाला : कायदा समजून घेताना – भाग ४)

मागील भागात आपण दिवाणी दाव्यांची ओळख करून घेतली. बांध कुणाचा, वाटणी कशी करायची, उसने पैसे कुणाकडून येणे आहेत, हे वाद दोन पक्षांपुरते असतात. फौजदारी कायद्याचे तसे नाही. वडगाव निंबाळकर परिसरातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार रात्रीत चोरीला गेली, तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. पण पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली गेली की पुढचा खटला महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी असा चालतो. शासन मध्ये पडते ते दोन कारणांसाठी. बाकीच्यांच्या मोटारी जागेवर राहाव्यात, आणि चोराचा संशय आला म्हणून चार माणसे काठ्या घेऊन कुणाच्या वस्तीवर चालून जाऊ नयेत.

मात्र मोटार उचलली एवढ्यावर चोरी सिद्ध होत नाही. सामाईक विहिरीवरची मोटार आपलीच समजून कुणी दुरुस्तीला नेली, तर त्यात लबाडीचा इरादा नसतो. कृती आणि इरादा या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. तोवर आरोपी निर्दोष.

कृती आणि इराद्याचा हा पाया किती कसाला लागतो, ते बारामती तालुक्यातल्या सुप्याने पाहिले आहे. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यातच जमिनीचा सारा वाढला आणि शेतकरी सावकारांच्या कर्जात अडकले. कर्जाच्या दाव्याला मुदत घालणाऱ्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी नवा कर्जरोखा लिहून घेत आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवत. वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवी आणि कोर्टात तोच कागद त्याच्यावर उलटे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या पेठेत जमाव सावकारांच्या दुकानांवर तुटून पडला. लूट झाली, वह्या आणि रोखे जाळले गेले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. बहुतेक गावांत लोकांचा रोख कागदांवर होता. सावकाराने रोखे काढून दिले तर त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावत नसे.

भारतीय दंड संहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. तिच्या लेखी हा बेकायदेशीर जमाव, दंगा आणि मालमत्तेची नासधूस होती. लोक पिचले होते हे खरे, पण ते झाले कृत्यामागचे कारण. दुसऱ्याची वस्तू जाणूनबुजून नष्ट करण्याचा इरादा त्यामुळे पुसला जात नाही. पोलिसांच्या जोडीला लष्कर आले, धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक पुढे सुटले. जमावात दिसला म्हणून प्रत्येकाला शिक्षा झाली नाही, ही त्या प्रकरणातली महत्त्वाची नोंद आहे.

दंगा मोडला, कर्ज तसेच राहिले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. रोख्यामागचा जुना हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. बंदुकीने जी शांतता आली, तिला आधार मिळाला तो या दिवाणी सुधारणेचा.

सावकाराच्या वागण्यावर मात्र फौजदारी कायद्याची नजर वळायला आणखी बराच काळ गेला. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हाच गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वसुलीसाठी कर्जदाराला त्रास देणे हाही वेगळा गुन्हा आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा आदेश सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक देऊ शकतो. म्हणजे गुन्ह्याची यादी समाजासोबत बदलते. १८७५ मध्ये या यादीत रोखा जाळणारा होता. आज परवान्याशिवाय सावकारी करणाराही आहे. कृती, इरादा आणि पुरावा यांची अट मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

खासगी सावकाराच्या जाचात सापडलेल्यांनी म्हणूनच गप्प बसू नये. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्यावी. धमकी किंवा मारहाण झाली असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलिसांना त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, आणि ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. नोंदीची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.