वेदना आणि वैद्याचे कर्तव्य

रोग बरा करणे हे वैद्याचे काम, याबद्दल कोणाचा मतभेद नाही. पण रोग बरा होण्यासारखाच नसेल तर? अशा वेळी नातेवाइकांस बाजूला घेऊन 'आता घरी न्या' असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. रोगी घरी येतो. दुखणेही त्याच्याबरोबर येते. त्या दुखण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने व खात्रीचे औषध. ते अफूपासून निघते आणि अफू तर शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरीही ते रोग्याच्या हाती पडेना, कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. हेतू चोरटा व्यापार मोडण्याचा. पण परवान्यांची रांग आणि सक्तमजुरीची धास्ती एवढी, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून ही वाट पुष्कळ सोपी केली. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन तर १९८६ पासून अशा रोग्यांसाठीच उभे आहे.

कायद्याची अडचण कमी झाली, मनाची शिल्लक आहे. 'सवय लागेल', 'याने मरण लवकर येईल' अशी भीती लोक बोलून दाखवतात. वस्तुतः मात्रा थोडीपासून सुरू करून वेदनेच्या मानाने वाढवावयाची, आणि दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी द्यावयाची, अशी याची पद्धत आहे. असे दिलेले मॉर्फिन आयुष्य तोडीत नाही. बद्धकोष्ठ मात्र होते. त्याचे औषध सोबतच द्यावे लागते. वेदना शमविणे आणि जीव घेणे यांत हेतूचा फरक आहे, मात्रेचाही आहे.

कोणी प्रारब्धाचे भोग म्हणतात. स्वतःपुरते तसे मानण्यास कोणाची हरकत असावी? पण आईचे भोग मुलाने ठरवू नयेत. एखाद्या रोग्याला नातवंडांशी शुद्धीत बोलावयाचे म्हणून थोडे दुखणे पत्करावेसे वाटेल. तो अधिकार त्याचा. तेव्हा वैद्याने त्यालाच विचारले पाहिजे. आता ज्या घरात रोगाचे नावही रोग्यापासून लपवून ठेवलेले असते, तेथे हे विचारावयाचे कसे?