मु. पो. खापा, कंपनी पुण्याची

नागपूरच्या उत्तरेला, सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी खापा वसलं आहे. तालुका सावनेर. इथली नगरपालिका १८६७ ची, विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. ब्रिटिश अमदानीतल्या नोंदींत खाप्याची ओळख आहे ती हातमागाच्या कापडाची. विदर्भातल्या कोष्ट्यांच्या वस्त्यांत माग घरातच असे. नवरा मागावर, बायको कांड्या भरायला, ताण्याच्या पांजणीला सगळं घर. सूत व्यापाऱ्याकडून यायचं, लुगडं त्याच्याकडे जायचं आणि मजुरी नगावर मिळायची. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि कापडाचं काम भोंग्याच्या वेळेला बांधलं गेलं. घरी बसून दूरच्या बाजारासाठी राबणं आणि कामासाठी शहर गाठणं, हे दोन्ही मार्ग या भागाने फार आधी पाहिले आहेत आणि दोन्हींची किंमतही मोजली आहे.

आज या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, गुमगावची मँगनीजची खाण आहे, १,३४० मेगावॉटचं खापरखेडा औष्णिक वीज केंद्र आहे. शेतात कापूस आणि संत्रा. आयटीची नोकरी मात्र नागपूरच्या पलीकडे. मिहान हे विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) शहराच्या दक्षिण टोकाला, म्हणजे खाप्याहून तिथे पोचायचं तर अख्खं नागपूर ओलांडायचं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं मिहानमध्ये आहेत, पर्सिस्टंटचं आयटी पार्कात. व्हीएनआयटी तर १९६० पासून इंजिनिअर घडवते आहे. तरीही इथल्या पोरापोरींना पहिल्या जॉइनिंगसाठी हिंजवडी, खराडी, बंगळूर किंवा हैदराबादची गाडी पकडावी लागते, ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

ती बदलेल असं वाटलं होतं ते २०२० साली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि काही दिवसांत लाखो लॅपटॉप ऑफिसातून घराघरांत पोचले. त्या एप्रिलमध्ये टीसीएसने जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरेल. कंपनीत तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास माणसं होती. सरकारनेही नियम सैल केले. त्याआधी कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करून घ्यायचं तर नोंदणी, बँक हमी आणि अटींची मोठी जंत्री होती. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने तिचा बराचसा भाग काढून टाकला. सेझमधल्या कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये नवा नियम आला: निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्ष घरून काम करता येईल. डिसेंबरात ही मर्यादा शंभर टक्क्यांवर नेली गेली. कागदावर तरी मिहानमधल्या कंपनीचं काम खाप्याच्या माडीवरून करायला काही अडसर उरला नाही.

गावातून काम करण्याचं त्या काळातलं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातलं. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत एके काळी इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये साफसफाई आणि रूम सर्व्हिसचं काम करत. तिथल्या माणसांकडे बघून ते ग्राफिक डिझाइन शिकले, मग प्रोग्रॅमिंग शिकले, स्वतःची कंपनी काढली. टाळेबंदीत पुण्यातलं ऑफिस बंद झालं, तेव्हा ते गावी गेले. घरात नेटवर्क धड मिळेना. डोंगरावरच्या गोठ्यात फोर-जी चांगलं येत होतं, म्हणून टेबलं तिथे मांडली आणि गावातल्या पोरांना शिकवून कामाला घेतलं. या गोष्टीचं कौतुक खूप झालं. कौतुकात एक भाग मात्र मागे पडला: त्या पोरांना शेजारी बसवून शिकवणारं माणूस होतं. या लेखाचा मुद्दा त्याच भागाशी जोडलेला आहे.

त्याआधी गावातला एक कामाचा दिवस जवळून पाहायला हवा. घरून काम म्हटलं की लोक नेटचा वेग विचारतात. खरं तर व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. कोड चढवायला-उतरवायला, व्हीपीएनमधून सर्व्हरवर जायलाही फार लागत नाही. लागतं ते सातत्य. लाइन गेली की घरातला इन्व्हर्टर पंखा आणि राउटर चालू ठेवतो, पण गल्लीच्या तोंडाला केबलवाल्याची जी पेटी असते तिची बॅटरी मेलेली असेल, तर घरातला राउटर नुसताच लुकलुकत राहतो. मग मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यावर डाउनलोड होतं, पण अपलोड अडखळतं. समोरच्याचा आवाज येतो आणि आपला तुटतो. मीटिंगमध्ये तीनदा आवाज तुटला की मॅनेजरच्या मनात गावाचं नाव पक्कं बसतं. त्यात मे महिना. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी कूलर शेजारी घेऊन बोलायचं तर घरघर सगळ्या टीमला ऐकू जाते, म्हणून बोलायची पाळी आली की कूलर बंद करायचा.

वेळेचा हिशेब वेगळाच. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊला होणारा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, इथे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला येते; तिकडे नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसातला. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल, तर त्याची सकाळ म्हणजे इथली रात्री साडेनऊ किंवा साडेदहा. एकत्र कुटुंबात, जेवणाच्या वेळी, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असताना माणूस हेडफोन लावून इंग्रजीत बोलत असतो आणि घरच्यांना वाटतं, दिवसभर तर घरीच होता.

या दिवसाला अंत असावा, असं कायद्याने म्हणायला आपल्याकडे अजून सुरुवातही नीट झालेली नाही. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क मान्य केला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं आपल्याकडे क्वचितच कायदा होतात. केंद्राने ३१ डिसेंबर २०२० रोजी सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आला, पण तो मालक आणि कर्मचारी यांच्यातल्या अटींवर सोडलेला. अटी कोण ठरवतं, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि मग वारं फिरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी एका नोकरीत असताना दुसरं काम करण्याला सरळ फसवणूक म्हटलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने अशा ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. घरी बसलेल्या माणसावरचा विश्वास आटायला लागला होता. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने पाचही दिवस ऑफिस लागू केलं आणि पुढच्या वर्षी हजेरीचं प्रमाण थेट पगारातल्या बदलत्या भागाशी (व्हेरिएबल पे) जोडलं. विप्रोने आठवड्याचे तीन दिवस सांगितले, इन्फोसिसने महिन्याचे दहा. २५ टक्क्यांची घोषणा कोणी मागे घेतली नाही. तिच्याबद्दल बोलणंच थांबलं. गावी परतलेल्यांनी पुन्हा पीजी शोधले.

तरीही घरून काम संपलेलं नाही. अनुभवी माणसाला ते मिळतं. आठ-दहा वर्षं झालेला, क्लायंटला ओळखीचा, एखादी यंत्रणा जिच्यावाचून अडते अशी व्यक्ती म्हणते, मी नागपूरहून करीन, आणि कंपनी मान्य करते. लग्नानंतर नवऱ्याच्या गावी आलेल्या, किंवा मूल लहान असलेल्या बायकांना तर याच सवलतीने या क्षेत्रात टिकवलं. भारतातल्या आयटीत २०२३ साली ५४ लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यांत स्त्रिया एक तृतीयांशाहून थोड्या जास्त. ही सवलत गेली तर स्त्रियांचा वाटा खाली येईल.

अडतं ते नवख्याचं. नुकत्याच पास झालेल्या मुलाला घरून काम कुणी देत नाही, आणि यात कंपन्यांचा निव्वळ आडमुठेपणा नाही. कॉलेजात कोड लिहायला शिकवतात. दुसऱ्याने आठ वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायला कुणी शिकवत नाही. तिकीट हातात आलं की आधी कुठे बघायचं, कुठली चूक लगेच सांगायची, क्लायंटला ‘नाही’ कसं म्हणायचं, हे सगळं शेजारच्या खुर्चीवरच्या सिनिअरकडे बघून येतं. चॅटवर प्रश्न टाकायला नवखा बिचकतो. टाकला तर उत्तर दोन तासांनी येतं, तोवर दिवस गेलेला असतो. २०२०-२१ मध्ये घरूनच जॉइन झालेल्या तुकड्यांचा हा अनुभव आहे: पगार सुरू झाला, पण काम यायला वेळ लागला.

त्यातच भरती आटली. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. २०२३-२४ मध्ये टीसीएसची एकूण संख्या १३ हजारांहून अधिकने घटली, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. फ्रेशरचं सुरुवातीचं पॅकेज तर दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं आहे. पुण्यात खोली, मेस आणि बस यांतच त्याचा मोठा वाटा जातो. हाच पगार खाप्यात घरी राहून मिळाला, तर घरात पैसे उरतील. ज्याला गावात राहण्याचा फायदा सर्वांत जास्त, त्यालाच ती मुभा नाही.

ही रिकामी जागा ठगांनी बरोबर हेरली आहे. घरबसल्या डेटा एंट्री, टेलिग्रामवरचे टास्क, ट्रेनिंग फी भरा आणि ऑफर लेटर घ्या, अशी आमिषं तालुक्याच्या गावांतल्या मुलांपर्यंत रोज पोचतात. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे मागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पहिल्या काही तासांत पैसे खात्यातच गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

परदेशी कंपनीचं थेट काम हा दुसरा रस्ता, तोही बहुतांशी अनुभवींसाठीच. पैसा चांगला मिळतो, पण करार कंत्राटदाराचा. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि काम थांबवायला एक ईमेल पुरते. हिशेब, कर, वर्षाला २० लाखांवर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी, सगळं आपलं आपण. नगावर मजुरी घेणाऱ्या कोष्ट्याची अवस्था यापेक्षा फार वेगळी नव्हती. हाती सूत येत राही तोवर घर चाले.

मग नवख्याचं काम गावात येऊच शकत नाही का? येऊ शकतं, पण त्याच्यासोबत शिकवणारं माणूस यावं लागतं. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या मथलमपराई गावात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये ऑफिस थाटलं. त्याच्या काही वर्षं आधीपासून त्यांची शाळा बारावी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन दोन वर्षं शिकवत होती. पुढे संस्थापक श्रीधर वेम्बू स्वतः तेनकाशीला राहायला गेले. म्हणजे गावात नुसता लॅपटॉप गेला नाही, सिनिअरही गेले. केंद्राच्या बीपीओ प्रोत्साहन योजनेनेही लहान शहरांसाठी ४८,३०० जागांचं उद्दिष्ट धरलं होतं. मेळघाटातल्या हरिसालला २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या मदतीने डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं गेलं. जोडणी पोचणं हे पहिलं पाऊल होतं आणि ते आवश्यकच होतं. पण नेट आलं म्हणून रोजगार आपोआप आला नाही.

महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांकडे एक गोष्ट आयती आहे. एमपीएससीच्या मुलांनी भरलेल्या अभ्यासिका. टेबल, खुर्ची, पंखा, वाय-फाय, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं दार. तिथे एकच अडचण येते: बोलता येत नाही. शांतता हाच तिथला नियम आणि आयटीचं निम्मं काम बोलण्याचं. नगरपरिषदेने अशा जागेला लागून दोन बंद खोल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन आणि एक दणकट इन्व्हर्टर दिला, तर खर्च एखाद्या स्वागत कमानीहून फार नसेल. गावातल्या आठ-दहा जणांनी तिथे एकत्र बसून काम केलं, तर नवख्याला शेजारची खुर्ची मिळेल.

त्या खुर्चीवर कोण बसणार, हा प्रश्न उरतो, आणि तो पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत स्थिरावलेल्या विदर्भातल्या माणसांसाठी आहे. ज्यांच्या हाती भरतीचा शब्द आहे, त्यांनी आपल्या टीममध्ये वर्षाला एक तरी फ्रेशर तालुक्याच्या गावातला घ्यावा, आणि पहिले सहा महिने रोज एक तास त्याच्यासोबत स्क्रीन शेअर करून बसावं. ज्यांना घरून कामाची मुभा आहे, त्यांनी वर्षातले दोन महिने नागपूरच्या फ्लॅटऐवजी आपल्या मूळ गावी काढावेत आणि त्या अभ्यासिकेत जाऊन बसावं. खाप्याच्या मुलांना एवढी सोबत मिळाली, तर पुढचं काम ती स्वतः करतील.